कोण सुटला?

देशकर काकांच्या घरी टीव्ही चालू असायचा, पण त्याला आवाज नसायचा. मी पहिल्यांदा डबा घेऊन गेले तेव्हा मला वाटलं, बिघडलाय. हेल्मेट घातलेली धिप्पाड माणसं हिरव्या मैदानावर एकमेकांच्या अंगावर पडत होती आणि खोलीत एकदम शांत. काका खुर्चीत बसले होते, पण तोंड टीव्हीकडं नव्हतं. खिडकीकडं होतं.

"आवाज वाढवू का?" मी विचारलं.

"नको बाप्पा. त्या माणसाचं कामच ओरडायचं. चेंडू झेलला तरी ओरडतो, पडला तरी ओरडतो. बसा तुम्ही. एक सांगा, ऐंशी नंबरचा पोरगा काय करून राहिला?"

मी आजवर कुठलाच खेळ धड बघितला नव्हता. मी म्हटलं, "उभा आहे."

"कसा उभा आहे?"

"कमरेवर हात ठेवून."

"हां," काका म्हणाले आणि त्यांना फार बरं वाटल्यासारखं दिसलं. "हे ओरडणारा सांगत नाही."

त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे जायला लागले. माझा मुलगा इथं कॅनडात, सस्काटूनला नोकरीला आहे. नातीला सांभाळायला म्हणून मी आले, नात शाळेत जायला लागली आणि माझी दुपार रिकामी झाली. काका दोन घरं सोडून राहायचे. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी मीनल मॉन्ट्रियलला. माझी सून अश्विनी म्हणाली, "आई, काकांना दिसत नाही. तुम्ही दुपारी जात जा, त्यांनाही सोबत होईल." मी म्हटलं, एवढ्या शिकलेल्या माणसाशी मी काय बोलू? माझी शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा नदीपलीकडं होती. काका पोटॅशच्या खाणीत मोठे इंजिनिअर होते. पण त्यांनी मला कधी काय शिकलात म्हणून विचारलं नाही. काय दिसतं एवढंच विचारलं.

त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. समोर बघितलं की तिथं काळा डाग, कडेचं थोडं अंधुक दिसायचं. म्हणून ज्याला बघायचं त्याच्याकडून ते तोंड फिरवायचे. नवीन माणसाला वाटे, काका रागावले. मला ते कळायला महिना लागला. काकांनी तोंड फिरवलं की समजायचं, ते आता आपल्याकडं बघतायत.

पन्नास वर्षं इथं काढून त्यांची बोली नागपूरचीच राहिली होती. मी साताऱ्याकडची. ते "काऊन" म्हणायचे, मला हसू यायचं. मी "का वो" म्हटलं की ते हसायचे. चहा बशीत ओतून प्यायचे. मोजे मात्र कायम हिरवे, कारण आपल्या टीमचा रंग हिरवा. या टीमसाठी इथली माणसं वेडी होतात. कलिंगड पोखरून डोक्यावर टोपीसारखं घालतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा घाबरून विचारलं, "काका, आतलं कलिंगड टाकून देतात का हो?" काका इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पुढं वॉल्टर आला तेव्हा त्यालाही माझा प्रश्न इंग्रजीत सांगितला.

वॉल्टर शेजारचा. आयुष्यभर गव्हाची शेती केली, म्हातारपणी शेत सोडून गावात राहायला आला. काका मला "बाई" म्हणतात हे ऐकून त्याला वाटलं माझं नाव बाय आहे. दारात आला की हात वर करून म्हणायचा, "हॅलो, बाय!" सुरुवातीला मला कळेना की हा माणूस आल्या आल्या निरोप का घेतो. मी पण "बाय" म्हणून आत निघून जायची. काकांना हे सगळं माहीत होतं, पण त्यांनी कित्येक दिवस आम्हा दोघांनाही सांगितलं नाही.

काका आणि वॉल्टर यांचं भांडण एकच. इथला फुटबॉल हातानं खेळतात. त्यात लांबून फेकलेला चेंडू पळत जाऊन झेलणारा एक असतो. आपल्या टीममध्ये पूर्वी असा एक झेलणारा होता, काका तरुणपणी इथं आले तेव्हाचा. आता या वर्षी एक नवा पोरगा आला, ऐंशी नंबरचा. जुना मोठा की नवा मोठा, यावर दोघं तासन् तास बोलायचे. दोघांची इंग्रजी नावं लांबलचक, मला म्हणता येईनात. मग काकांनी माझ्यासाठी नावं ठेवली. जुना तो थोरला आणि नवा तो धाकटा. एकाच घरातले भाऊ असावेत तसे.

वॉल्टर म्हणायचा, थोरल्यासारखा पुन्हा होणे नाही. हे पोरगं हातमोजे घालून झेलतं, त्यांना चिकट लावलेलं असतं, त्यात काय कौतुक! तो असं म्हणाला की काका धाकट्याची बाजू घ्यायचे. बघ किती जोरात पळतो, थोरल्याच्या काळी एवढी दांडगी माणसं अडवायला नव्हती. वॉल्टर घरी गेला की मात्र मला सांगायचे, "थोरल्याची सर नाही हो बाई." मी गोंधळायची. त्यांचं खरं मत कुठलं?

थोरल्याला ते एकदा भेटले होते. त्या काळी खेळाडूंचं नुसत्या खेळावर भागत नसे, हिवाळ्यात दुसरं काम करावं लागायचं. थोरला एका टायरच्या दुकानात होता. काकांनी इथं दुसऱ्या वर्षी पहिली गाडी घेतली, त्यांना कुणी विंटर टायर लावायला सांगितलंच नव्हतं. पहिल्या बर्फात गाडी घसरून खड्ड्यात गेली. दुसऱ्या दिवशी टायर बदलायला गेले तर गाडीखालून थोरला बाहेर आला. हात कोपरापर्यंत काळे.

"मी त्याला विचारलं, तू एवढं कसं काय झेलतोस? आणि तो काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, मी झेलत नाही. येणाऱ्याला जागा करून देतो." काका हे सांगताना आपले दोन्ही हात पुढं करून बघायचे, डोळ्यांच्या कडेनं. "या परदेशात मला तेव्हा कोणीच जागा करून देऊन नव्हतं राहिलं. मला ते फार लागलं, बाई. चांगल्या अर्थानं."

एका शनिवारी दुपारी मॅच होती आणि मी सांगत होते. तोवर मला बरंच कळायला लागलं होतं. इथले झेलणारे चेंडू हलायच्या आधीच मागून धावत येतात, तेही मला ओळखता यायचं. धाकटा तसाच धावत आला, दोघांच्या मधून निघाला आणि पुढं सगळं मैदान मोकळं. मी उठून उभी राहिले आणि ओरडले, "सुटला! काका, सुटला!"

काकांनी कपाळावर हात मारला. "हात्तिच्या! सुटला? एवढा सोपा? वॉल्टर बरोबर म्हणतो, त्या हातमोज्यांनी पोरगं वाया गेलं!"

"अहो, पळतोय की अजून!"

"कोण पळून राहिलं? चेंडू?"

तेवढ्यात वॉल्टर दार वाजवून आत आला आणि नाचायला लागला. काकांना कळेना हसावं की रडावं.

आमच्याकडं बैलानं दावं तोडून धूम ठोकली की म्हणतात सुटला. शर्यतीत गाडी सुटते ती पण तशीच. काका लहानपणी नागपूरला क्रिकेट खेळलेले. त्यांच्याकडं सुटला म्हणजे हातातला झेल सुटला. एकाच शब्दानं मी मुलगा धावायला लावला आणि त्यांनी चेंडू खाली पाडला. त्या दिवशी काकांनी नियम केला. मुलगा मोकळा झाला तर निसटला म्हणायचं. चेंडू हातातून गेला तर पडला म्हणायचं. सुटला हा शब्द या घरात बंद. पुढं चुकून तोंडात आला तर काका लगेच बोट वर करून विचारायचे, "कोण सुटला? चेंडू का धाकटा?"

थंडी सुरू व्हायच्या सुमाराला एका दुपारी मी मेथी निवडत बसले होते. मॅच नव्हती. काका एकदम म्हणाले, "बाई, तुम्हाला एक सांगतो. वॉल्टरला सांगायचं नाही."

थोरल्याचा एक झेल इथं अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. मॅच संपता संपता, पाठमोरा पळत असताना घेतलेला. वॉल्टरनं तो घरी टीव्हीवर बघितला होता. काका तर त्या दिवशी मैदानात होते, म्हणून वॉल्टर त्यांना फार मानायचा.

"मी तो पाहिलाच नाही," काका म्हणाले. "सुमनला दिवस गेलेले होते. मीनलच्या वेळी. ती कुडकुडून राहिली होती म्हणून मी खाली कॉफी आणायला गेलो. रांगेत उभा होतो आणि डोक्यावर सगळं मैदान गरजलं. दोन कप घेऊन धावत वर आलो तर लोक एकमेकांच्या गळ्यात पडून राहिले. सुमनला फुटबॉल काही कळत नसे. पण आमची जागा अगदी त्या कोपऱ्यात होती, तिच्या समोरच झालं. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, त्यानं मागं नाही पाहिलं. हात पुढे नाही केले. नुसती ओंजळ केली, आणि चेंडू येऊन बसला."

"टीव्हीवर दाखवत असतील की नंतर," मी म्हटलं.

"दाखवतात. पण त्यात पाठ दिसते. हात दिसत नाहीत. हात फक्त सुमनला दिसले. पुढे चाळीस वर्षं मी तिला विचारायचो. ती तेच शब्द सांगायची. मी लोकांना सांगतो तेव्हा तिचेच शब्द सांगतो. आता ती नाही. हा धाकटा आला, तर मला वाटतं, एकदा तसा झेल मी असताना व्हावा. मला दिसणार नाही, ठीक आहे. कुणी तरी पाहून मला सांगावं. मग मी म्हणेन, धाकटा थोरल्याएवढा झाला."

त्यांचं खरं मत काय होतं ते मला त्या दिवशी कळलं.

नोव्हेंबरात काका वॉशरूममध्ये पडले. हाड मोडलं नाही, पण दवाखान्यात नेल्यावर छातीत कफ धरला आणि मग उठलेच नाहीत. मीनल मॉन्ट्रियलहून आली. डॉक्टर तिच्याशी बाजूला जाऊन बोलायचे, त्यावरून मी समजले. त्या रविवारी दुपारी मोठी मॅच होती. जो हरेल त्याचा खेळ या वर्षापुरता संपला. मीनलला मी आंघोळीला घरी पाठवलं, आणि तिनं जाताना आपला टॅब्लेट काकांच्या टेबलावर लावून दिला. आवाज बंदच होता. दवाखान्यात आणि काय करणार?

काका उशीला टेकून खिडकीकडं तोंड करून पडले होते. नाकाला नळी. बोलताना दम लागायचा, तरी विचारत होते. "बर्फ आहे का?" "थोडा आहे, रेषांवर." "धाकटा?" "हातावर फुंकर मारतोय." "हातमोजे?" "आहेत."

शेवटी आपली टीम थोडक्यात मागं होती. वेळ संपत आला होता. चेंडू लांब फेकला. धाकटा पाठमोरा पळत होता, कोपऱ्याकडं, आणि त्याच्या मागं पुढं कुणी नव्हतं. मला काका सांगायचे तसंच सगळं होतं. चेंडू खाली आला, त्याच्या बोटांना लागला आणि बर्फात पडला.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "सुटला."

काकांचं बोट चादरीवरून वर आलं. "कोण सुटला?"

मी त्यांच्याकडं बघितलं. गालाची हाडं वर आलेली, ओठ कोरडे. नियम मला पाठ होता. मी म्हटलं, "धाकटा."

ते खोटं नव्हतं. धाकटा निसटलाच होता. पण काका तेवढ्यावर थांबले नाहीत. "ओंजळ केली का?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

काकांनी डोळे मिटले. दोन्ही डोळ्यांतून पाणी उशीवर गेलं. "सुमन," एवढंच म्हणाले. मी टॅब्लेट उलटा करून ठेवला. तिथं हिरव्या कपड्यातली माणसं मान खाली घालून चालली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तर वॉल्टर आधीच बसला होता. टोपी हातात, चेहरा उतरलेला. मला बघून हळूच "हॅलो, बाय" म्हणाला आणि या वेळी खरंच उठून गेला. मला इंग्रजी येत नाही, कालच्या मॅचचं बोलू नको असं त्याला कोण सांगणार होतं? आपलं माणूस आजारी आहे, त्याच्यापाशी बसून कालच्या मॅचचं दुःख करावं, एवढंच त्यानं केलं होतं.

काकांनी माझ्याकडून तोंड फिरवलं. म्हणजे माझ्याकडं बघितलं.

"बाई, आपला नियम काय होता?"

"पडला म्हणायचं," मी म्हटलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मग ते म्हणाले, "सुमनचा स्वभावही असाच. मी कॉफीच्या रांगेत राहिलो, माझं नुकसान झालं, मला वाईट वाटेल... तिनं पण काही तरी गोड सांगितलं असेल का हो?"

धाकट्याच्या हातून एक चेंडू पडला होता. माझ्या एका "हो"मुळं थोरल्याचाही पडायला आला होता, आणि तो बघितलेल्या बाईला आता विचारायची सोय नव्हती.

मी कधी चार माणसांत बोललेली नाही. घरातसुद्धा फार बोलत नाही. पण त्या दिवशी मी त्यांच्या पलंगाला धरून बोलले. "काका, मी खोटं बोलले ते तुमच्याच शब्दानं बोलले. ओंजळ तुम्ही विचारलीत, मी नुसतं हो म्हटलं. मला काय ती सुचली नव्हती. पण वहिनींना कुणी विचारलं होतं? त्यांना खेळ कळत नव्हता. गारठलेली, पोटुशी बाई, तिनं आपणहून ओंजळ म्हटलं. बघितल्याशिवाय असा शब्द तोंडात येत नाही, काका. गोड बोलायचं असतं तर त्या नुसतं म्हणाल्या असत्या, फार छान झेलला."

मीच एवढं बोलले यानं मला घाम आला होता. मग त्यांचा आवाज आला. "मग कालचं सांगा. तुमच्या शब्दांत."

मी सांगितलं. "मागं बघितलं त्यानं. दोनदा. आणि हात लई आधी पुढं गेले. कसे म्हणू... अंगणात कोंबडी धरायला जावं ना, दोन्ही हात पसरून, तसे. कोंबडी निसटते बघा अशानं. तसाच चेंडू गेला. मग तो गुडघ्यावर बसला आणि जमिनीला हात लावत राहिला. दुसऱ्या टीमच्या एकानं येऊन त्याला उठवलं."

काकांना हसू आलं, हसताना ठसका लागला. मी पाठ चोळली. "कोंबडी धरायला!" ते म्हणाले. "हां. हे पाहिलेलं आहे. बरोबर."

श्वास जाग्यावर आल्यावर ते सावकाश म्हणाले, "पहिलं वर्ष आहे त्याचं. थोरल्यानं पण पहिल्या वर्षी कोंबड्याच धरल्या. मी मैदानात बसून शिव्या दिल्या होत्या त्याला. ते विसरूनच गेलो होतो मी. वॉल्टर तर कधीच कबूल नाही करणार." मग म्हणाले, "धाकट्याला वेळ पाहिजे. मला नाही मिळणार पाहायला. तुम्ही पाहा. आणि दिसेल तेच म्हणा."

मी घरून तांदळाची पेज नेली होती. चमच्यानं भरवू का विचारलं तर नको म्हणाले. दोन्ही हात पुढं केले. वाटीच्या दिशेनं चाचपडले नाहीत, घाई केली नाही. हात एकमेकांना लावून, बोटं थोडी वर करून, नुसते थांबले. मी त्यात वाटी ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी नातीची वेणी घालत होते. अश्विनीचा फोन वाजला. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आई, काका सुटले."

माझ्या तोंडून आपसूक निघालं, "कोण?"

अश्विनीला वाटलं मला ऐकू आलं नाही. तिनं जवळ येऊन पुन्हा सांगितलं. नंतर सांत्वनाला आलेले सगळेच तेच म्हणाले, फार हाल न होता सुटले. चांगल्या मनानं म्हणत होते. मी मान हलवत होते, पण तो शब्द ऐकला की दर वेळी माझं लक्ष एका बोटाकडं जायचं, जे आता वर येणार नव्हतं.

त्या सोमवारी पेज पिऊन झाल्यावर मी वाटी घेतली, रुमालानं त्यांचं तोंड पुसलं आणि कोट घातला. दारापाशी जाऊन मागं वळून बघितलं. काकांचं तोंड खिडकीकडं होतं, म्हणजे ते मला बघत होते. वाटी मी केव्हाच काढून घेतली होती. चादरीवर ओंजळ तशीच होती.